सूपबरोबरचा कुरकुरीत ब्रेड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोस्ट तर घरी रोजच होतो. सूपसाठी वेगळं काय करायचं असतं?

सकाळच्या चहाबरोबरचा टोस्ट वरून खरपूस आणि आतून मऊ असला तरी चालतो, किंबहुना तसाच बरा लागतो. तोच टोस्ट सूपबरोबर दिला तर दोन मिनिटांत लगदा होतो. त्यात कुरकुरीत असा वरचा पापुद्राच असतो. त्याला बाहेरून सूप भिजवतं आणि आतून ब्रेडमधलीच ओल भिजवते. साध्या ब्रेडमध्ये वजनाच्या ३५ ते ४० टक्के पाणी असतं, आणि टोस्टरच्या दोन-तीन मिनिटांत त्यातलं फारसं कुठे जात नाही.

सूपसाठीचा तुकडा आरपार कोरडा हवा. मधोमध मोडला तर टचकन तुटावा, वाकू नये. म्हणून आधी वाळवायचं आणि मग रंग आणायचा. रंग मोठ्या आचेवर पटकन येतो, पाण्याला मात्र मंद आच आणि वेळ दोन्ही लागतं. बेकरीत चहाबरोबर खायला मिळणारा टोस्टही असाच होतो. ब्रेड भाजून, गार करून, कापून, पुन्हा मंद भट्टीत सुकवलेला. खाली जे काही सांगितलं आहे, त्यातलं बरंचसं या एका गोष्टीतूनच निघतं.

ब्रेड ताजा घ्यावा की शिळा?

आदल्या दिवशीचा. ताजा ब्रेड सुरीखाली दबतो, चौकोनांऐवजी चेंगरलेले गोळे होतात, आणि तूप-तेल लावलं की ते स्पंजासारखं आत ओढून घेतो.

पण शिळा म्हणजे कोरडा नव्हे, आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. झाँ-बातिस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवून दिलं होतं, की पाणी अजिबात उडू न देता बंद ठेवलेला ब्रेडसुद्धा शिळा होतो. भाजताना फुललेला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा हळूहळू घट्ट रचना धरतो, त्यामुळे ब्रेड कडक लागतो. पाणी बरंचसं आतच असतं. ब्रेड साधारण ६० अंशांच्या वर गरम केला की तो काही काळ परत मऊ होतो, तोही याचमुळे. शिळी पोळी तव्यावर शेकल्यावर मऊ होते, तसंच. तेव्हा शिळा ब्रेड कापायला सोपा आणि आकार धरणारा असतो इतकंच, वाळवण्याचं काम त्यालाही चुकत नाही.

घरात ताजाच ब्रेड असेल तर स्लाइस पाकिटातून काढून जाळीवर तीन-चार तास उघडे ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात पंख्याखाली तासाभरात काम होतं. मुंबई-रत्नागिरीच्या जुलैमध्ये मात्र उघडं ठेवून काहीच वाळत नाही, उलट ओल धरतं. तिथे १०० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटं ठेवणं हाच उपाय.

फ्रिजमधला ब्रेड चालेल का?

या कामाला उत्तम चालतो. ब्रेड सर्वांत लवकर शिळा होतो तो फ्रिजच्याच तापमानाला, शून्याच्या थोडं वर. सँडविचसाठी ही वाईट बातमी आहे, आपल्यासाठी चांगली. फ्रीझरमध्ये ही क्रिया जवळजवळ थांबते. म्हणून जास्तीचा ब्रेड फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि सूप करायच्या आदल्या दिवशी खाली फ्रिजमध्ये आणायचा.

कोणता ब्रेड सर्वांत चांगला होतो?

घरोघरी असतो तो पांढरा सँडविच ब्रेड. त्यात साखर असते, त्यामुळे तो वाळायच्या आधीच लाल होतो. जमतो, पण आच नेहमीपेक्षा कमीच ठेवायची. मिल्क ब्रेड त्याहून गोड आणि मऊ. त्याचं बटर-साखर लावून काहीतरी करा, सूपला नको.

मला विचाराल तर मुंबईचा ब्रून, म्हणजेच कडक पाव, याला तोड नाही. पिठात साखर-तूप जवळपास नसतं, कवच जाड असतं, आतला भाग हलका आणि जाळीदार. मरीन लाइन्सच्या १९०४ पासूनच्या क्यानीसारख्या इराणी हॉटेलांत लोक ब्रून मस्का चहात बुडवून खातात. बुडवल्यावरही तो हातात तुटत नाही, ते या कवचामुळे. सूपसाठी तो आडवा, बोटभर जाडीचा कापायचा. प्रत्येक चकतीला सगळीकडून कवचाची कड मिळते. सुरी मात्र दातेरी हवी. साध्या सुरीने कवच फुटून ओटाभर चुरा होतो.

लादी पाव कापूच नका. त्याला वर-खाली थोडी साल असते, बाजू नुसत्या मऊ. सुरी लावली की बसतो. हाताने सुपारीएवढे ओबडधोबड तुकडे तोडा. फाटलेल्या कडांवर जे बारीक टोकं-कोंब राहतात ते सर्वांत आधी कुरकुरीत होतात, आणि गुळगुळीत चौकोनापेक्षा असा तुकडा खायलाही मजेदार लागतो. जाड सूपांवर हेच तुकडे मला जास्त आवडतात.

गोव्यातली पोई ज्यांना मिळते त्यांचं भाग्य. सकाळ-संध्याकाळ सायकलवर भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, पाव, उंडो (गोल, कडक सालीचा पाव), काकणां (बांगडीच्या आकाराचा कडक पाव) यांच्याबरोबर ती असते. कोंडा लावलेली, आतून पोकळ. पोकळी उघडली की दोन पातळ पदर सुटे होतात. ते हाताने तोडून वाळवले की चिप्ससारखे होतात, आणि भाजलेल्या कोंड्याला जो खमंगपणा येतो तो मैद्याच्या कुठल्याच ब्रेडला येत नाही. पदर पातळ असल्याने १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं पुरतात. नंतरची दोन मिनिटं नजर हलवू नका.

उंडो ब्रूनसारखाच वापरायचा. पुण्या-मुंबईत हल्ली सावरडो, म्हणजे आंबवणाने फुगवलेला ब्रेड, सगळीकडे मिळतो. त्याची जाड साल पूर्ण वाळली की दाताला भारी पडते, म्हणून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड कापू नये.

ब्राऊन ब्रेड घेतला तर पौष्टिक होईल ना?

रंगावर जाऊ नका, पाकिटामागची घटकांची यादी वाचा. यादीत जे सर्वांत जास्त तेच पहिलं लिहितात. पहिलं नाव मैद्याचं असेल आणि पुढे कुठेतरी कॅरॅमल रंग असेल, तर तो पांढराच ब्रेड आहे. आणखी एक अडचण: ब्रेड मुळातच तपकिरी असला की भाजल्याचा रंग कळत नाही. तिथे नाकावर आणि मोडून बघण्यावरच भिस्त. मल्टिग्रेनमधले वरचे तीळ-जवस ब्रेडच्या आधी करपतात.

तुकडे केवढे करायचे? कडा काढायच्या का?

चमच्यात एक तुकडा आणि सोबत सूप मावलं पाहिजे, म्हणजे दीड ते दोन सेंटिमीटर. लग्नाच्या सूप काउंटरवर असतात तसले चण्याएवढे तुकडे दिसायला नीटनेटके असतात, पण ते बशीत पडताक्षणी भिजतात.

कडा कशाला काढायच्या? ब्रेडचा सर्वांत कोरडा आणि चविष्ट भाग तोच. सँडविचसाठी कोणी कापल्याच असतील तर त्या टाकू नका. तूप लावून लांबच्या लांब भाजल्या की राजधानी एक्सप्रेसमध्ये सूपबरोबर येते तसली सूप स्टिक घरीच तयार होते, आणि खरं तर जास्त चांगली.

ओव्हनमध्ये किंवा ओटीजीमध्ये कसा करायचा?

चार माणसांसाठी सँडविच ब्रेडचे सहा स्लाइस, दोन मोठे चमचे तेल किंवा पातळ केलेलं तूप, चिमूटभर मीठ.

मोठ्या परातीत किंवा पातेल्यात तुकडे घेऊन तूप चमच्याचमच्याने सगळीकडे शिंपडा आणि दोन्ही हातांनी वरखाली करा. एकाच जागी ओतलंत तर पहिले चार तुकडे सगळं पिऊन टाकतात. ओव्हन १५० अंशांवर गरम झालेला असावा, ट्रे मधल्या खणात, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू. तुकडे एका थरात, एकमेकांना न चिकटता पसरा. एकावर एक पडले तर खालच्यांची वाफ वरच्यांना लागते. दहा मिनिटांनी ट्रे बाहेर काढून तुकडे हलवा, पुन्हा आठ-दहा मिनिटं ठेवा. मग सर्वांत मोठा तुकडा उचलून मोडा. मध्ये मऊ लागला तर आणखी पाच मिनिटं. वाळल्याची खात्री झाल्यावरच ओव्हन १८० वर न्या, दोन-तीन मिनिटांत सोनेरी रंग चढतो.

ट्रेमध्येच दहा मिनिटं गार होऊ द्या. गरम असताना किंचित लवचीक वाटणारा तुकडा गार झाल्यावर कडक होतो, त्यामुळे घाईने अजून भाजायला जाऊ नका. छोट्या ओटीजीमध्ये मागची बाजू जास्त तापते, म्हणून मध्ये एकदा ट्रे फिरवून ठेवावा.

ओव्हन नाही. तव्यावर होईल का?

होईल, आणि चव जास्त खमंग येते. फक्त उभं राहावं लागतं.

तुकडे करायचे असतील तर जाड बुडाची पसरट कढई घ्या. गॅस अगदी बारीक. सुरुवातीला काहीही न घालता, नुसतेच आठ-दहा मिनिटं परता. रवा भाजताना असतो तसाच धीर लागतो. तुकडे हलके झाले, कढईत खुळखुळू लागले की कडेने तूप सोडा आणि आणखी तीन-चार मिनिटं हलवत राहा. तूप शेवटी का, तर सुरुवातीला घातलं की कढईला टेकलेली बाजू तळली जाते आणि बाकीच्या कोरड्याच राहतात. ओव्हनमध्ये उष्णता चारी बाजूंनी येते म्हणून तिथे आधी लावलेलं चालतं.

स्लाइस भाजायचे असतील तर लोखंडी तवा, मंद आच, दर मिनिट-दीड मिनिटाला बाजू बदलत. उलथन्याने दाबू नका. दाबल्याने ब्रेडमधल्या हवेच्या जागा मिटतात, वाफेला वाट राहत नाही, आणि स्लाइस चिवट होतो. झाकण तर मुळीच ठेवायचं नाही.

पॉप-अप टोस्टरमध्ये भागेल का?

भागतं. सर्वांत कमी आकड्यावर एकदा भाजा, बाहेर काढून पाच मिनिटं उभा ठेवा, आणि परत तेवढ्याच आकड्यावर भाजा. मधल्या वेळात आतली ओल कडेकडे येते आणि दुसऱ्या फेरीत उडून जाते. एकदम मोठ्या आकड्यावर भाजल्याने हे साधत नाही.

दोन सूचना. लोणी-तूप लावलेला ब्रेड टोस्टरमध्ये कधीही घालू नये, ते तारांवर ठिबकून पेट घेऊ शकतं. आणि बाहेर काढलेले टोस्ट ताटलीत एकावर एक रचू नयेत. स्वतःच्याच वाफेने खालचे घामेजतात. डब्याला टेकून उभे ठेवा किंवा जाळीवर पसरा.

एअरफ्रायरमध्ये?

१६० अंशांवर पाच मिनिटं, हलवा, मग आणखी तीन. आतल्या पंख्याने तुकडे जोरात सुकतात, त्यामुळे या कामाला हे यंत्र खरोखर चांगलं आहे. पण वाळलेले तुकडे इतके हलके होतात की उडून वरच्या कॉइलला चिकटतात आणि जळका वास सुटतो. सोबत आलेली जाळी तुकड्यांवर पालथी ठेवावी.

मायक्रोवेव्हमध्ये?

नुसत्या मायक्रोवेव्हवर नको. रंग येत नाही, ब्रेड आधी लिबलिबीत, मग रबरासारखा होतो आणि त्यानंतर अचानक आतूनच जळतो. कन्व्हेक्शनची सोय असेल तर तिथे ओव्हनचीच कृती करा.

हॉटेलात तर तळतात. तळले तर काय बिघडलं?

शेकडो पाहुण्यांचं सूप असेल तर तळणंच परवडतं, एक घाणा अर्ध्या मिनिटात निघतो. घरी मात्र नुकसानच जास्त. तेलात पाणी झपाट्याने वाफ होऊन बाहेर पडतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेल शिरतं. ब्रेड म्हणजे मुळातच जागाच जागा. मग सूपवर तेलाचे थेंब तरंगू लागतात, आणि टोमॅटोचं आंबट सूप असेल तर ते फारच जाणवतं.

तरी तळायचेच असतील तर आधी सुकवून घ्या. बाहेर पडायला पाणीच कमी असलं की तेलही कमी शिरतं. तेल चांगलं तापलेलं हवं, एका वेळी मूठभर तुकडे, आणि रंग बदलायला लागताच बाहेर.

तूप, लोणी की तेल?

तूप. बाजारच्या लोण्यात, म्हणजे बटरमध्ये, साधारण १६ टक्के पाणी असतं. आपण पाणी घालवायला बसलोय आणि वरून पाणीच लावतोय. शिवाय त्यातले दुधाचे घन कण लवकर करपतात. तुपातून ते दोन्ही आधीच काढून टाकलेलं असतं. बटरची चव हवीच असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत लावा, आणि मग वेगळं मीठ घालू नका, ते आधीच खारट असतं.

इटालियन-स्पॅनिश धाटणीच्या सूपांना ऑलिव्ह तेल शोभतं. शेंगदाण्याचं तेल फोडणी दिलेल्या सारांबरोबर छान लागतं, पण घाण्याचं असेल तर वास पुढे येतो, तेव्हा जपून. प्रमाण साधारण एका स्लाइसला एक छोटा चमचा. त्याहून जास्त लावल्याने जास्त कुरकुरीत होत नाही, फक्त तुपकट होतो. अजिबात स्निग्ध न लावताही चालतं. असा ब्रेड जास्त दिवस टिकतो, पण सूपमध्ये लवकर भिजतो.

लसूण लावला की कडू का होतो?

कारण लसणाचे बारीक कण ब्रेड वाळण्याच्या कितीतरी आधी जळतात. ठेचलेला लसूण तुपात कालवून, ब्रेडला फासून वीस मिनिटं ओव्हनमध्ये ठेवला तर कडूपणा ठरलेलाच.

त्याला दोन चांगले मार्ग आहेत. पहिला, चार-पाच पाकळ्या ठेचून तुपात अगदी मंद आचेवर गरम करायच्या, लसूण पिवळसर झाला की गाळून नुसतं तूप वापरायचं. गाळलेला लसूण सूपमध्ये टाका. दुसरा इटलीतल्या तोस्कानाचा. तिथे फेत्तुंता करताना ब्रेड निखाऱ्यावर नुसता भाजतात आणि गरम असतानाच त्यावर कच्च्या लसणाची सोललेली पाकळी घासतात, वरून ऑलिव्ह तेल आणि मीठ. कुरकुरीत ब्रेडचा खरखरीत पृष्ठभाग किसणीचं काम करतो. स्पेनमध्ये कातालोनियात याच पद्धतीने भाजलेल्या ब्रेडवर टोमॅटो घासतात. घासण्याचा हा मार्ग स्लाइसला जमतो, तुकड्यांना नाही.

मसाला कधी आणि कोणता?

सुकी पूड नेहमी शेवटी, ब्रेड ओव्हनमधून बाहेर आल्यावर लगेच, तूप अजून गरम असताना. चिकटते आणि करपत नाही. पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या इथे सत्कारणी लागतात. पण माझी खरी शिफारस मेतकूट. तुपात भाजलेल्या तुकड्यांवर चमचाभर मेतकूट आणि मीठ भुरभुरवून डब्यात घालून हलवा. टोमॅटोच्या साराबरोबर किंवा लाल भोपळ्याच्या सूपबरोबर हे तुकडे दिले की सूप राहतं बाजूला. जिरेपूड-मिरपूड कशावरही चालते. कांदा-लसूण मसाला किंचितच, तो सूपची चव खाऊन टाकतो. चिली फ्लेक्स मला वैयक्तिकरीत्या कंटाळवाणे वाटतात.

बाहेरून लाल झाला तरी आतून मऊच राहतो. का?

आच जास्त आहे. ब्रेडमधली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी रासायनिक क्रिया करतात त्यातून तो रंग आणि भाजल्याचा वास येतो. लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. ती साधारण १४० अंशांच्या पुढे वेग धरते. ओल्या जागेचं तापमान मात्र पाणी असेपर्यंत १०० च्या आसपासच अडकून राहतं. म्हणजे कड लाल होते तेव्हा मधला भाग अजून उकडत असतो. आच कमी केली की दोघांतलं अंतर कमी होतं. आधीच लाल झालेला घाणा वाचवायचा असेल तर १०० ते ११० अंशांवर पंधरा मिनिटं ठेवा. रंग फारसा वाढत नाही, आत वाळतो.

किती लाल करावा? काळपट झालेला खाल्ला तर?

सोनेरीवर थांबा. पिष्टमय पदार्थ साधारण १२० अंशांच्या वर भाजले-तळले की त्यांत ॲक्रिलामाइड तयार होतं, हे २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी उघड केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच या रसायनाला ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेलं’ अशा गटात टाकलं होतं. रंग जितका गडद तितकं ते जास्त. एखादा करपट तुकडा खाल्ला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण काळा झालेला भाग खरवडून टाकावा. तो कडूही लागतोच. मंद वाळवण्याच्या पद्धतीचा हा आणखी एक फायदा, कुरकुरीतपणासाठी गडद रंगाची गरजच पडत नाही.

कोणत्या सूपबरोबर काय द्यावं?

दाट, घोटलेल्या सूपांवर, म्हणजे लाल भोपळा, पालक, मका, मसूर, तुकडे सरळ वर टाकावेत. ते तरंगतात आणि बराच वेळ टिकतात. टोमॅटोचं सार, मुगाचं किंवा कुळथाचं कढण, आळणी किंवा पायाचं सूप यांसारख्या पातळ गोष्टींबरोबर तुकडे नकोत. लांब पट्ट्या किंवा ब्रूनच्या चकत्या वेगळ्या द्याव्यात, ज्याने त्याने बुडवून खाव्यात. मनचावला त्याच्या तळलेल्या नूडल्स आहेत, त्यात ब्रेडने लुडबुड करू नये. आणि भाज्यांचे मोठे तुकडे, पास्ता, राजमा असलेल्या मिनेस्त्रोनेसारख्या सूपला चावायला काही आणखी देण्याची गरज नसते. लसूण घासलेला एक स्लाइस कडेला पुरे.

फ्रेंच ओनियन सूपवरचा चीजचा ब्रेड घरी कसा जमवायचा?

पॅरिसच्या ले आल या जुन्या घाऊक बाजाराशी हे सूप जोडलेलं आहे. पहाटे काम करणारे आणि रात्रभर जागलेले दोघेही ते तिथे प्यायचे. तो बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रंजिसला गेला, सूप मात्र जगभर पसरलं. मूळ पद्धत अशी की कांद्याचं सूप वाडग्यात, वर वाळवलेला ब्रेड, त्यावर ग्रुयेर चीज, आणि वाडगा तसाच ग्रिलखाली.

यातली मेख म्हणजे चीज घालण्याआधी ब्रेड दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळलेला असणं. नाहीतर खालून सूप आणि वरून चीजची वाफ, ब्रेडचा पत्ताच लागत नाही. आपल्याकडचे काचेचे किंवा चिनी मातीचे बोल ग्रिलखाली तडकू शकतात, म्हणून तो धोका घेऊ नका. वाळवलेल्या ब्रूनच्या चकतीवर चीज किसून, ट्रेमध्येच ग्रिलखाली दोन-तीन मिनिटं ठेवा आणि वाढताना सूपवर सोडा. ग्रुयेर महाग पडतं. मोझरेला आणि थोडं प्रोसेस्ड चीज मिसळलं तर तार आणि खारटपणा दोन्ही मिळतं. नुसतं प्रोसेस्ड चीज घट्ट राहतं, फारसं वितळत नाही.

मेल्बा टोस्ट म्हणजे काय? साध्या ब्रेडचा होतो का?

साध्या ब्रेडचाच होतो, आणि इतका चांगला होतो की जास्त लोक करत कसे नाहीत याचं मला आश्चर्य वाटतं. नाव नेली मेल्बा या ऑस्ट्रेलियन ऑपेरा गायिकेवरून पडलं.

स्लाइस टोस्टरमध्ये हलका भाजायचा, कडा कापायच्या, स्लाइस पाटावर आडवा ठेवून वरून तळहात हलका दाबायचा आणि दातेरी सुरी मधून, दोन भाजलेल्या बाजूंच्या मध्ये, आडवी सरकवत न्यायची. एका स्लाइसचे दोन पातळ पदर होतात, प्रत्येकाची एक बाजू भाजलेली, एक कच्ची. तिरके कापून त्रिकोण करा, कच्ची बाजू वर ठेवून १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं. कडा वर वळतात आणि तुकडा पापडासारखा खुसखुशीत होतो. तेल-तूप काहीच लागत नाही. स्लाइस गरम असतानाच चिरायचा, गार झाला की मोडतो.

ब्रेड सूपमध्ये कधी घालायचा?

वाढल्यानंतर, आणि शक्यतो ज्याने त्याने. तुकड्यांची वाटी मध्ये ठेवा. स्वयंपाकघरातून वर टाकून आणलेले तुकडे पंगत बसेपर्यंत मऊ पडतात.

याच्या अगदी उलट, ब्रेड मुरलाच पाहिजे अशीही सूपं आहेत. तोस्कानातली रिबोल्लिता, टोमॅटोचं पाप्पा आल पोमोदोरो, स्पेनच्या कास्तियातलं लसणाचं सूप, पोर्तुगालच्या आलेन्तेजो भागातलं असोर्दा. असोर्दात तर लसूण, भरपूर कोथिंबीर, ऑलिव्ह तेल आणि मीठ वाटून त्यावर उकळतं पाणी ओततात, शिळा ब्रेड आणि अंडं घालतात. शिळ्या ब्रेडचं पोटभरीचं जेवण करायचे हे गरिबाघरचे मार्ग होते. तिथे ब्रेड कुरकुरीत करायची धडपड फुकट आहे, शिळा जाड तुकडा तसाच घालावा.

पावसाळ्यात दोन तासांत सादळतात. काय करावं?

कोरडा ब्रेड हवेतली ओल शोषून घेतो, पापड-चिवड्याचं होतं तेच. पूर्ण गार झाल्यावर, पण गार झाल्या झाल्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. कोमट असताना भरले तर आतच वाफ धरते. सादळलेले तुकडे १२० अंशांवर पाच-सात मिनिटं किंवा बारीक गॅसवर कढईत परतले की पूर्ववत होतात. ताटलीत टिश्यू पेपर अंथरून झाकून ठेवण्याचा उपयोग शून्य.

किती दिवस टिकतात?

काहीही न लावता पूर्ण वाळवलेले, हवाबंद बरणीत, दोन-तीन आठवडे. तेल किंवा तूप लावलेले साधारण आठवडाभर. पुढे खवट वास येऊ लागतो. बटर, चीज किंवा लसूण घातलेले दोन दिवसांत संपवा. मोठ्या प्रमाणात करायचे असतील तर कोरडेच करून ठेवावेत आणि हवे तेव्हा गरम तुपात परतावेत.

एका कोपऱ्यात बुरशी आलेला ब्रेड भाजून वापरला तर?

नाही. दिसतो तो हिरवा ठिपका म्हणजे वरचा भाग असतो, तंतू आत दूरवर गेलेले असतात. भाजल्याने बुरशी मरते, पण काही बुरशींनी तयार केलेली विषद्रव्यं तशीच राहतात. पूर्ण ब्रेड टाकायचा. वास घेऊन बघू नये, बीजकण नाकात जातात.

मैदा किंवा गहू चालत नसेल तर?

सोलापूरची कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची, अगदी पातळ थापून, भाजून, पूर्ण वाळेपर्यंत शेकलेली. पाकिटात मिळते आणि कितीतरी दिवस टिकते. आमटीत किंवा मटणाच्या रश्श्यात चुरून खायची तिची रीत आहे, म्हणजे सूपबरोबर कुरकुरीत काहीतरी हा प्रश्न तिकडे फार आधी सुटलेला आहे. पालकाच्या सूपमध्ये मोठे तुकडे मोडून घाला, ब्रेडची आठवण येत नाही. सीलिॲक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा आजार) असलेल्यांनी मात्र पीठ गव्हाच्याच गिरणीत दळलेलं नाही ना, एवढं विचारून घ्यावं. खाकरा सहसा गव्हाचा असतो, तो या यादीत बसत नाही.

लहान मुलांना आणि दात नसलेल्या आजी-आजोबांना द्यावा का?

तान्ह्या-रांगत्या मुलांना कडक चौकोनी तुकडे देऊ नयेत, घशात अडकू शकतात. थोडं मोठं मूल असेल तर बोटभर लांबीची पट्टी सूपमध्ये बुडवून, मऊ झाल्यावर, आपण समोर बसून. कवळी असलेल्यांना ब्रूनची साल त्रास देते. त्यांच्यासाठी मेल्बा टोस्ट बरा, तोंडात लगेच विरतो.

बरणीच्या तळाशी चुरा उरतो, त्याचं काय?

कटलेटला लावा. मसाला घातलेला असेल तर भरल्या वांग्याच्या सारणात दाण्याच्या कुटाबरोबर चमचाभर ढकलून द्या. मेतकुटाचा असेल तर तो दहीभातावर घ्यावा.